वकीलबाईचा राहिलेला चहा

माजं म्हायेर कवठे महांकाळकडचं. तिकडं पान्याची वढाताण, पर दारात आल्यालं माणूस तांब्याभर पाणी पिल्याबगर माघारी गेल्यालं मी बघितलं न्हाई. लगीन होऊन कडेगावात आले, हितं ऊस, दूधदुभतं, कशाची कमी न्हाई. आन हितंच जे झालं ते काय सांगू तुमास्नी, सांगताना बी मान खाली जातीया.

आमचा ऊस भाईर काढायची वाट शेजाऱ्यानं चर मारून बंद केली. मालक मिलिटरीतनं रिटायर, ते म्हनलं कोर्टात जाऊ. पयला वकील तारखेवर पैसं घ्यायचा, काम हू न्हाईतर न्हवू, तारीख पडली की पैसं. मग पोरानं सांगलीची वकीलबाई बघून दिली, ती तासावर घेती, जेवडा येळ जाईल तेवडंच. मालकांच्या डोक्यात त्यो तास असा बसला, काय सांगू.

बाई शेत बघाय आली, लेकीच्या वयाची, उन्हानं लाल झाल्याली. मी चहा ठेवाय उठले तर मालक म्हनलं, बस खाली, तिचा तास चालू हाय. पाणी सुदीक इचारलं न्हाई. आवं, वाटंचं एक सांगायचंय मला, मी म्हनले, तर मालक म्हनलं, गप, तुजं पुराण ऐकायचं बी पैसं पडत्यात. आन बिल आलं तवा कळलं, बाईनं नुसता शेतातला तास लावल्याला, येण्याजाण्याचं कायबी धरलं न्हवतं. लाज वाटली वो, लय लाज वाटली.

मग मालकच सांगलीला गेलं, म्हनलं, ताई, आमास्नी तास जमत न्हाई, हीर खोदाय देतो तसं उक्तं घ्या, निकालापतूर काय ती एकच रक्कम. ती व्हय म्हनली.

परवा परत आली. आता मी निवांत सांगितलं, नवी नवरी म्हनून माजी बैलगाडी त्याच वाटंनं आली, ह्या शेजाऱ्याच्या बानं सोता कवाड उघडून दिलं. बाई म्हनली, काकी, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं, तुम्हीच माझ्या साक्षीदार. मी मालकांकडं बघितलं, ते भुईकडं बघत हुतं.

येलची टाकून चहा आनला. ती म्हनली, नको काकी, मी स्टँडवर पिऊनच आले. रागानं न्हाई म्हनली, म्हनून तर जास्त लागलं.

वाट मिळंल न्हाई मिळंल, त्या लेकीचं मातुर चांगलं हू दे. सोमवारी साक्षीला जायाचंय. चहा संगं न्याया मालकांनी सोता थर्मास घासून पालथा घातलाय.