चहावर सोडलेलं पाणी

अन्नपूर्णाबाई : ...थे दार जरा लोटून घे. उजेड खिळ्यासारखा डोक्यात जाऊन राह्यला.

सत्यभामा : लोटलं. माय, मी सकाळी चिखलीला डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, रोजचा चहा एकदम तुटला की असं डोकं धरतं, मळमळतं, अंगात बळ राहत नाही. आठ-दहा दिवसांत जाईल. तोवर सहन होत नसेल तर दोन घोट घ्यायला हरकत नाही म्हणाले.

अन्नपूर्णाबाई : सोडलेली वस्तू घेतात का कधी? तुह्या आजीनं काशीत वांगं सोडलं, थे मरेस्तोवर तोंडाले लावलं नाही.

सत्यभामा : ती काशी होती. हा दवाखाना आहे.

अन्नपूर्णाबाई : तूच म्हनली ना, डाक्टर सोड म्हनते म्हनून? म्या तुळशीपाशी हातावर पानी घेतलं अन् सोडलं. तुह्या नावानं सोडलं, तुह्या जिवाले चांगलं असो म्हनून. आता चहा पेली अन् तुले काही झालं तं?

सत्यभामा : मला काही होत नाही, माय.

अन्नपूर्णाबाई : थे तुह्या हातात नाही.

अमीरबी : अन्नपूर्णा, कुंपनापासून इचारून राह्यली मी. उठली का नाही?

अन्नपूर्णाबाई : उठली बाई. ये. शेजारीन असून चार रोज कुठं होती?

अमीरबी : कोन्या तोंडानं येऊ? बजारात चहा-कंपनीची मोटार येऊन फुकट चहा पाजून गेली, तवापासून कुंपनाच्या इकडं मी अन् तिकडं तू, असा रोज संगं चहा. तुहा कप तुहा, माहा माहा. चार रोज झाले, एकटीच पेऊन राह्यली. गोडच लागत नाही.

अन्नपूर्णाबाई : साखर जास्त टाक.

अमीरबी : टाकून पाह्यली. नागपूरचं सरकार दारू बंद कराच्या गोष्टी करते, अन् आमच्या मास्तरीनबाईनं चहाच बंद केला. काहो मास्तरीनबाई, चहा पेल्यानं कोन मेलं थे तुमच्या किताबात असन. नाही पेल्यानं कोन मेलं थे नाही लिहिलं का?

सत्यभामा : अमीरबी, तिची छाती धडधडते. दिवसाला सात कप चहा आणि अर्धी भाकरी. झोप नाही. मी डोळ्यांनी पाहत होते.

अन्नपूर्णाबाई : भांडू नका व. झोप लागते आता. डोकं तेवढं ठनकते. अमीर, तू आपला कप इथंच घेऊन ये. वास येऊ दे मले. वासाले मनाई नाही.

सत्यभामा : मी आणते कप. दोनच घोट घे, माझ्यासाठी.

अन्नपूर्णाबाई : तुह्यासाठीच तं नाही पेत, बाई.

(दुसऱ्या दिवशी सकाळी अन्नपूर्णाबाई उठल्या नाहीत. तेरवी झाली, पाहुणे गेले. सत्यभामा ओसरीवर बसलेली. अमीरबी कुंपण ओलांडून पहिल्यांदाच तिच्याशेजारी येऊन बसली आहे.)

अमीरबी : जेवली का?

सत्यभामा : हो.

अमीरबी : चूल थंडी हाय तुही. डाक्टर काय म्हनला थे सांगितलं नाही तू.

सत्यभामा : तिचं काळीज आधीच थकलेलं होतं म्हणाले. चहानं नेलं नाही आणि चहा सोडल्यानंही नाही. प्यायली असती तरी फार दिवस काढले नसते.

अमीरबी : मंग मान ना त्याचं. काऊन जीव जाळून राह्यली?

सत्यभामा : शेवटचे चार दिवस डोक्याला फडकं बांधून काढले तिनं.

अमीरबी : अल्लानं लिहिलं तसं झालं. तुनं डाक्टरचं ऐकलं, पोरीनं अजून काय करावं? गल्लीतली रुक्मिणीबाई मले कालच सांगे, लेक असावी तं अशी. डाक्टरनं सोड म्हटलं, तं तिनं मायले सोडाले लावलं.

सत्यभामा : तेरवीला आलेल्या प्रत्येकीनं तेच म्हटलं. मी मान हलवत बसले.

अमीरबी : खरंच हाय थे.

सत्यभामा : खरं नाही. डॉक्टरांनी सोडायला सांगितलंच नव्हतं.

अमीरबी : काय बोलून राह्यली?

सत्यभामा : कमी करा म्हणाले होते. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करायचा, शेवटी दोनवर यायचं. 'सोड' हा माझा शब्द. मला वाटलं, कमी कर म्हटलं तर ती चोरून पिईल. ती तुळशीपाशी पाणी सोडत होती, तेव्हा मी दारात उभी होते. बरं झालं, आता मोडायची नाही, असं मनात आलं माझ्या. मग पुन्हा गेले तर डॉक्टर रागावले. एकदम सोडायला कोणी सांगितलं, असं मलाच विचारलं त्यांनी.

अमीरबी : मंग घरी येऊन तिले सांगितलं काऊन नाही?

सत्यभामा : तोंडाशी आलं होतं. डॉक्टरांनी नाही, मीच सांगितलं, एवढंच म्हणायचं होतं. ती थोडी रागावली असती. म्हणाली असती, मंग माह्याकून पानी कायले सोडवलं. आणि मग, खोट्या शब्दावर सोडलेलं पाणी बांधत नाही म्हणत, प्यायली असती. प्यायली असतीस ना तू, माय? वर्गात चाळीस मुलींना शिकवते मी, चूक झाली तर कबूल करावी म्हणून. मला लाज वाटली, माय. माझं चुकलं म्हणायची लाज वाटली.