त्रेसष्ट टक्क्यांवर उभी गाडी

मंडळी, बसलात ना नीट? मग आधी एक प्रश्न घ्या. जपून ठेवलं म्हणजे राहतं का?

आपण फार जपतो. रिकाम्या बरण्या जपतो. लग्नात मिळालेल्या पिशव्या जपतो. मनगटी घड्याळ हरवतं, पण त्याचा जादा पट्टा ठेवतो, कारण पट्टा चांगला आहे. आमच्या तबल्यावरच्या रावसाहेबांनी तर राग जपलाय, तेरा वर्षांचा. कुणावर होता ते विसरले, राग मात्र खणखणीत आहे. तर सांगा, एवढं जपून शेवटी हाताला काय लागतं?

उत्तर नको. गोष्ट ऐका. ही पोथीत नाही, कारण पोथी लिहिली तेव्हा वीज नव्हती.

तालुक्याच्या गावी श्रीपती वाघमोडे राहतात. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. चौतीस वर्षं बसस्थानकात वाहतूक नियंत्रक. म्हणजे काचेच्या खोलीत बसून गाड्यांची नोंद करायची आणि माइकवर सांगायचं – अमुक गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे, थोड्याच वेळात सुटेल. थांबा सात मिनिटांचा. सात म्हणजे सात. कुणाचं पोर मुतारीत असो, कुणाचा नवरा चहाला गेलेला असो – शिट्टी.

निवृत्त झाले. चार वर्षांपूर्वी बायको गेली. मुलगी, सारिका, कॅनडात. घरात आप्पा, भिंतीवरचं घड्याळ आणि सारिकानं पाठवलेला लॅपटॉप. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता तिचा व्हिडिओ कॉल. आठवडाभरात आप्पांशी बोलणारं दुसरं कोण? दूधवाला. आणि तो फक्त "पिशवी" म्हणतो.

आता त्या लॅपटॉपवर एक पाटी आली. जुनी प्रणाली संपली. नवी उतरवून घ्या, नाहीतर येत्या रविवारपासून व्हिडिओ कॉल बंद. आप्पांचा मोबाइल बटणांचा. त्यावर आवाज येईल, तोंड दिसणार नाही. आणि आठवड्यातून एकदा दिसणारं ते एकच तोंड, मंडळी.

सोमवारी आप्पांनी बटण दाबलं. दहा टक्के, तीस टक्के... त्रेसष्ट टक्के. थांबलं. खाली अक्षरं – थोड्याच वेळात पूर्ण होईल.

चौतीस वर्षं आप्पांनी हे वाक्य लोकांना ऐकवलं होतं. त्यात किती तथ्य असतं ते त्यांना पक्कं ठाऊक. तरी बसले बापडे समोर हात जोडून. तासाभरानं यंत्रानं इंग्रजीत काहीतरी सांगितलं, आणि परत शून्य.

मंगळवारी राउटर बंद करून चालू केला. त्रेसष्ट. बुधवारी लॅपटॉप उचलून गच्चीवर नेला, पाण्याच्या टाकीवर ठेवला, वर छत्री धरून बसले. त्रेसष्ट. गुरुवारी ज्या कोपऱ्यात रेंज चांगली तिथं ठेवला – तो कोपरा निघाला देवघराचा. शेजारच्या काकू आल्या, लॅपटॉपला हळदकुंकू लावून, पुढं प्रसाद ठेवून गेल्या. त्रेसष्टच. मंडळी, हसू नका. प्रसाद तुम्हीही खाल्ला असता.

आणि आप्पांनी काय केलं? वही काढली. दिनांक, गाडी, शेरा. "सोमवार – त्रेसष्टला बंद." "मंगळवार – त्रेसष्टला बंद." सवय.

शुक्रवारी लॅपटॉप कापडी पिशवीत घालून निघाले हारुण मुलाण्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात. मुलाणी पन्नाशीचे, आप्पांना ओळखून. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "आप्पा, गाडी फुल्ल आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जागाच नाही ना आत. नवं येऊन बसणार कुठं? दारातून परत जातंय बिचारं. आणि पाच दिवस हे तेच सांगतंय तुम्हाला, इंग्रजीत. काय भरलंय एवढं?"

आप्पा कापडी पिशवीची घडी घालू लागले.

मुलाण्यांनी उघडून बघितलं. "दोनशे सहा व्हिडिओ? आप्पा, हे काय, सारिकाचे कॉल?"

"नोंद ठेवलीय. प्रत्येक रविवारची. रेकॉर्डिंगचं बटण तुम्हीच दाखवलंत."

"दाखवलं, पण बंद कधी करायचं तेही दाखवलं असतं तर बरं झालं असतं. बघता का कधी?"

"नोंदवही कुणी वाचायला काढतं का?"

मुलाण्यांनी ड्रॉवरमधून एक पेन ड्राइव्ह दिला. "हा लहान आहे. दहाबारा मावतील. मोठा मागवतो, पण तो सोमवारी येणार."

"आणि कॉल रविवारी."

"मग निवडा आप्पा. बाकीचे पुसा. जागा केल्याशिवाय काही उतरत नाही, मी काय करू?"

शनिवारी सकाळी आप्पा निवडायला बसले. चार वर्षं साठवलेलं पहिल्यांदा उघडलं. पहिल्या कॉलमध्ये आप्पा म्हणतात, "पाणी सहाला आलं. लाइट नव्हती. बसस्थानकाला रंग दिला." सारिका म्हणते, "बरं." आप्पा घड्याळाकडे बघतात. "सात मिनिटं झाली. ठेवतो." दुसरा – पाणी सहाला आलं. तिसरा – पाणी साडेसहाला आलं. एवढाच बदल.

बायको होती तेव्हा बोलायचं काम तिचं आणि घड्याळ बघायचं यांचं. ती गेली. यांनी आपलं काम चालू ठेवलं.

मग एक व्हिडिओ लागला, दोन वर्षांपूर्वीचा, दहा मार्च. सारिका निळ्या स्वेटरमध्ये. तिनं तोंड उघडलं – "आप्पा, मला ना जरा..." आणि आप्पांचा आवाज – "वेळ झाली. ठेवतो."

आप्पांनी परत लावलं. "मला ना जरा..." वेळ झाली. परत लावलं. पडद्यावरच्या त्या माणसाला हात धरून थांबवावं असं वाटलं, पण तो थांबेना. नियंत्रक होता ना तो. चोख.

नऊ जून. "इथं ना, घरी आल्यासारखं कधी..." वेळ झाली. दिवाळीचा रविवार. "आप्पा, आई असती तर मी तिला..." वेळ झाली.

दिवसभर आणि रात्रभर बसून, पुढं ढकलत ढकलत दोनशे सहा बघितले. जेवले नाहीत. अर्धी राहिलेली वाक्यं निघाली एकोणतीस. वहीत उतरवली एकेक – तारीख, वाक्य, आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द: "प्रवासी राहिला."

मग पेन ड्राइव्ह हातात घेतला. काय ठेवणार त्यात? पाणी सहाला आलं ते? ड्राइव्ह बाजूला ठेवला आणि सगळं पुसलं. दोनशे सहाच्या दोनशे सहा.

रविवारी सकाळी बटण दाबलं. साठ, बासष्ट, त्रेसष्ट... चौसष्ट. चौसष्टला आप्पा उठून उभे राहिले, जणू राष्ट्रगीत लागलं.

संध्याकाळी सातला सारिका दिसली. "आप्पा, जमलं की तुम्हाला. पाणी आलं का?"

"पाणी राहू दे. सारे, दहा मार्चला तू म्हणालीस, 'आप्पा, मला ना जरा'. पुढं काय होतं?"

"कुठल्या दहा मार्चला?"

"दोन वर्षांपूर्वीच्या. निळा स्वेटर होता."

ती हसली. मग हसायची थांबली. "नाही आठवत आप्पा."

"बरं. नऊ जून." वहीवर बोट ठेवून आप्पा वाचत गेले. हे आठवत नाही, तेही आठवत नाही. एकोणतीस नोंदी, मंडळी, आणि गाडीसाठी एकही प्रवासी थांबलेला नाही. कोण थांबेल? दोन वर्षं का कुणी फलाटावर बसून राहतं?

वही मिटली. सारिका हळूच म्हणाली, "आप्पा, सात मिनिटं झाली. ठेवू?"

बघा. तिलाही सवय लागली होती. आता पोर शिट्टी मारत होती.

आप्पांनी भिंतीवरचं घड्याळ काढून पालथं ठेवलं. म्हणाले, "गाडी लागलेली आहे. सुटायची वेळ दिलेली नाही."

ती काही बोलली नाही. हेही बोलले नाहीत. आठ मिनिटं झाली, बारा झाली. नुसती एकमेकांकडे बघत बसली दोघं, मधे सात समुद्र. आणि मग ती म्हणाली, "आप्पा, मला ना जरा..."

पुढं काय म्हणाली?

मला ठाऊक नाही. त्या दिवशी आप्पांनी रेकॉर्डिंग लावलंच नव्हतं.

तर मंडळी, मिळालं उत्तर? नसेल तर घरी जाऊन शोधा. आता कीर्तन संपेल, तुम्ही चपला शोधाल, कुणाच्या तरी घालून घरी जाल. दार उघडणारं माणूस काही सांगायला तोंड उघडेल, आणि तुम्ही म्हणाल, दमलोय, उद्या. तेव्हा आप्पांची वही आठवा. रावसाहेब, तुम्हीसुद्धा. तेरा वर्षांची जागा अडलीय तुमची, त्यात एखादं माणूस सहज मावेल.

आणि ज्यांचं दार उघडायला घरी कुणीच नाही, त्यांनी थोडं थांबा. मलाही आज कुठं जायचं नाही.

पांडुरंगा, एवढंच मागणं – इथल्या कुणाचीही गाडी आज वेळेवर सुटू देऊ नकोस.