जीपची घुमघुम

आमच्या जुन्या जीपच्या आवाजाचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. भूकंपात घर पडल्यावर माझी मोठी बहीण, अक्का, लातूरला आमच्याकडे राहायला आली होती. घर पडायच्या आधी जमीन घुमली होती, असं ती सांगे. आणि आमची जीपही तशीच घुमायची. अक्का दचकत असेल, या विचाराने मला चैन पडेना. पण आवाज गिअरबॉक्सचा की टायरचा, तेच ठरेना. फिजिक्समध्ये पीएच.डी. असून शेवटी मला स्वतःच्या कानांचीच शंका येऊ लागली.

शेवटी जीप गॅरेजात नेली. तिथले सलीम मिस्त्री माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "सर, ॲक्सिलरेटर सोडा." सोडला, तशी मागून घुमघुम वाढली.

"गिअरबॉक्स न्हाई. मागच्या चाकांच्या मधलं डिफरन्शियल हाय."

"नक्की ना?"

"सर, वर्गात पोरानं बरोबर उत्तर दिलं तरी असंच विचारता का?"

काम झालं. जीप दारात येऊन थांबली तरी अक्काला कळलं नाही. मी आत जाऊन म्हणालो, "अक्का, आवाज गेला बघ."

ती उठून दारात आली.

"कशाला नीट केलीस रे बाबू? कुठं घुमलं की मी मनाला सांगायची, आपल्या बाबूची जीप आली. आता काय सांगू?"