जावेच्या फडताळाची बरोबरी

च्या घ्या, पर हसायचं न्हाई बगा.

माजी धाकटी जाऊ भोरची. म्हायेरचे पितळी डबे तिनं फडताळात असे मांडले, की सासूबाई आल्यागेल्याला हाताला धरून दावायच्या. माजी मडक्यांची उतरंड कोण बगतंय? लई जळायचे मी!

वाटण्या झाल्या, तशी म्याबी भिंतीत फडताळ करून घेतलं. शेजारच्या ठकूकडनं चार पितळी डबे मागून आणले, चिंचेनं घासले. पितळी डबे काय, समदे सारकेच दिसत्यात! त्यांच्यावर नाव कोरलेलं व्हतं. म्हनलं, आपल्यात वाचनार कोण? उलट शोभा येती म्हनून नावं म्होरंच फिरवली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाई आणि जाऊ आल्या. सासूबाई बगतच ऱ्हायल्या.

"कुनाचे गं हे?"

"माजेच की. बापानं माजं नाव घालून दिल्यात."

"व्हय?" सासूबाई जावेकडं वळल्या. "वाच गं, तू शाळंत गेलीस नव्हं?"

 ही शाळंत गेलीया, ह्ये मला कुठं ठावं! जावेनं नावावरनं बोट फिरवलं आन म्हनली, "आक्कांचंच नाव हाय."

जाताना मातूर कानाशी आली. "आक्का, नाव माजं हाय. ठकूनं पोरीची सुपारी फुटली तवा माज्याकडनं नेले व्हते डबे. सवडीनं धाडा."

आवं, चारचौघीत भांडली असती तर बरं झालं असतं! डबे धाडले म्या दुसऱ्या दिवशी. पर हा चांगुलपणा कुनाकडनं मागून आणू?