आण्याला फेडलेली सावड

माझं नाव वनिता. गाव तळेघरच्याबी पुढं, डोंगराच्या अंगावर आमची वाडी हाय. एस्टी तळेघरलाच थांबती, तितनं चालायचं, आन् पावसाळ्यात वढा आडवा आला का पाणी उतरस्तवर अलीकडंच बसून ऱ्हायचं. भाताची खाचरं हायेत थोडी, वरच्या उतारावर नाचणी. घरात आई, बाप, मी आन् धाकटी बहीण. एवढंच, दुसरं काय सांगू तुमाला.

पाचवीपासनं मी आश्रमशाळेत. तिथं एक मोठा हॉल, त्यात समद्या पोरी वळीनं झोपायच्या, हिची गोधडी तिच्या अंगावर, तिचा पाय हिच्या पोटावर, कोण खोकललं तर पार त्या टोकाची म्हणायची, पाणी पी गं. बादली कोणाची, प्लॅस्टिकचा मग कोणाचा, हे कधी ठावंच नव्हतं. जी आधी उठंल ती भरंल. एकीनं कपडे धुवायचे, एकीनं पिळायचे, एकीनं वाळत घालायचे, घरीबी तसंच, शाळेतबी तसंच. त्यामुळं कॉलेजच्या होस्टेलात आले आन् माझं डोकंच चालंना.

कॉलेजचं नाव नका लिहू ताई. आवारातच हाय होस्टेल, तीन मजली, खाली मेस. एका खोलीत दोघी. दोन खाटा, दोन कपाटं, दोन टेबलं, समदं दोन दोन. दार लावलं का आत आपण दोघीच. मला पयल्यांदा झोपच येईना, एवढी शांतता कशाची, कोणी मेलंय का काय असं वाटायचं. खाटंवरनं पडंन म्हणून मी गोधडी खाली टाकायची. माझी जोडीदारीण प्रतीक्षा, आणे गावची, म्हंजी पार तिकडची, जुन्नरच्या उगवतीकडं पठार हाय ना, तितली. घरची शेती मोठी, ट्रॅक्टर हाय, बाप, आई आन् एक भाऊ. तिनं आल्या आल्या बादलीवर, मगावर, साबणाच्या डबीवरसुदीक नेलपॉलिशनं नाव घातलेलं. मला काय ठावं, मी सकाळी उठून तिचीच बादली नेली आन् शेजारच्या खोलीतल्या पोरींचंबी पाणी भरून ठेवलं. ती म्हणली, वनिता, विचारून घेत जा ना गं. मी म्हणलं, पाण्याला काय इचारायचं. तिनं कपाळाला हात लावला. आन् दुसऱ्या दिशी बाजारातनं नवी बादली आणली, तिच्यावर नेलपॉलिशनं वनिता लिहिलं आन् माझ्या खाटंखाली ठिवली. मला कळंना, ही मला वेगळी काढती का जवळ घेती. अजूनबी कळलं न्हाई, खरं सांगते.

पर पोरगी लई गुणाची. मला मोबाइलवर परीक्षेचे जुने पेपर कसे काढायचे ते शिकवलं, केस कापून दिले, मी घरची नाचणीची भाकर आणली का माझ्याआधी तीच खायची. इंग्रजीच्या मॅडमचा आवाज काढायची, मी हसून हसून खाली लोळायची. वर्षभरात अशी गट्टी झाली का रेक्टर मॅडम म्हणायच्या, तुमा दोघींना एकच हजेरी पुरंल.

मंग दुसऱ्या वर्षाला आषाढात आमच्याकडं आवणी आली. आवणी म्हंजी भाताचं रोप उपटून चिखलात लावायचं. त्या साली बाप बांधावरनं घसरला आन् त्याचा पाय मोडला, घरात हातच न्हाईत. मी सुट्टी मागून निघाले तर प्रतीक्षा म्हणली, मीपण येते. मी म्हणलं, अगं तितं काय हाय, चिखल हाय. म्हणली, मला चिखल बघायचाय. आली बाबा. प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेऊन उतरली खाचरात, पयल्या पावलाला बसलीच खाली, समद्या बाया हसल्या, हीबी हसली. रोप असं लावलं तिनं का नुसतं नागमोडी. पर उठली न्हाई. कंबर धरून, वाकून, संध्याकाळपातूर. दुसऱ्या दिशीबी तेच. आईचे डोळे भरून आले. आई म्हणली, पाटलाच्या घरची पोर माझ्या चिखलात राबली.

आता आमच्याकडची रीत सांगते, म्हंजी पुढचं कळंल. आमच्यात मजुरी न्हाई. तुमी आमच्या खाचरात हात लावला का आमच्यावर तुमची सावड चढली. मंग तुमच्या कामाला आमी यायचं. आन् ती मागायची नसती, सांगायचीबी नसती. इचारलं, येऊ का, तर समोरच्यानं तोंडानं मागितल्यागत व्हतं, त्याला कमीपणा. आपण वळखायचं, त्यांचं काम निघालं का मुकाट जायचं, वळीत बसायचं. प्रतीक्षाला एस्टीत बसवली आन् आई मला म्हणली, हिची सावड ध्यानात ठेव, माझ्या जिवाला घोर लागंल न्हाईतर.

दिवाळीनंतर प्रतीक्षा शनवारी घरी निघाली, म्हणली, कांद्याची लागण चालू झालीय, आई एकटी दमतीय स्वयंपाक करून. झालं. मी आईला फोन केला. आई घोडेगावला आली, मी हितनं गेले, रातचा मुक्काम नारायणगावला आत्याकडं केला आन् सकाळच्या गाडीनं आण्याला. आईनं भाकरी बांधून घेतल्या, कारण सावडीला जाताना आपलं आपण न्यायचं. रान इचारत इचारत गेलो तर वाफ्यात बाया बसलेल्या, रोप लावत व्हत्या. आमी बोललो न्हाई चाललो न्हाई, चपला बांधावर काढल्या आन् वळीत बसलो.

तर काय, त्या बाया आमच्याकडच्याच निघाल्या. डोंगरातनं टेम्पोनं आणलेली टोळी. त्यांची मुकादमीण आली आमच्या अंगावर. म्हणली, कोण गं तुमी, आमी हे रान उक्तं घेतलंय, तुमचा वाटा न्हाई. आई म्हणली, आमाला वाटा नको, आमी सावडीला आलोय. ती बाई आईच्या तोंडाकडं बघतच ऱ्हायली. म्हणली, बये, पाटलाशी कुठं सावड असती का? आन् तुमी फुकट राबाया लागलात तर उद्या आमाला कोण इचारंल? आई म्हणली, त्यांच्या लेकीनं माझी आवणी केलीय. कोणाला खरं वाटंना, समद्या हसाया लागल्या. तरी आमी उठलो न्हाई.

दुपारी काका आले, म्हंजी प्रतीक्षाचे वडील, संग दोन पावणं. त्यांना आमी टोळीतल्याच वाटलो. आईला म्हणले, मावशे, रोप जरा खोल लाव. आईनं मान हलवली. आन् मागनं प्रतीक्षा चहाची किटली घिऊन आली. मी तिच्याकडं बघून हसले. मला वाटलं आता ही वरडंल, वनिता म्हणून गळ्यात पडंल. तिचं तोंडच उतरलं. किटली बांधावर ठिवली आन् उभीच. पावणं म्हणलं, वळखीची हाय का? ती म्हणली, कॉलेजला असते. बास. मैत्रीण न्हाई म्हणली, खोलीतली न्हाई म्हणली. कॉलेजला असते, म्हणली आन् गेली.

दिवस मावळला. काका टेम्पोवाल्याला म्हणले, या दोघींनाबी घे रं, जागा कर. मंग आमी टोळीसंगच बसलो टेम्पोत. आई खुशीत. म्हणली, फिटली बाई, आता जिवाला बरं वाटलं. मी तोंडावर ओढणी घेतली, म्हणलं धूळ लई उडती.

सोमवारी होस्टेलला प्रतीक्षा आली ती बोलंनाच. बॅग आपटली. मी म्हणलं, काय झालं, तर म्हणली, तू मला सांगितलं का नाहीस? मी म्हणलं, सांगायचं नसतं. ती म्हणली, गावात काय म्हणतात माहितेय, मैत्रिणीला आन् तिच्या आईला रोजानं राबवलं, टेम्पोत घालून पाठवलं, घरात पाण्याला बोलावलं नाय. पप्पा काल रात्रीपासून जेवले नायत, मला म्हणाले, तू तोंड का शिवलंस तिथं. मी म्हणलं, मंग का शिवलंस? तर ती रडाया लागली. म्हणली, मला नाय माहीत. मला तुझी लाज वाटली का माझी, मला नाय माहीत. मला नाय कळलं वनिता. मी म्हणलं, मलाबी न्हाई.

आता ताई, तुमीच सांगा, चुकलं कोणाचं? मी सांगून गेले असते तर तिनं येऊ दिलं नसतं, मंग आईच्या जिवावर वझं. न सांगता गेले तर तिच्या बापाची मान खाली. तिनं आमच्यात काम केलं तर लई मोठ्या मनाची, आमी तिच्यात केलं तर टोळीतल्या. काम तेच, चिखल तोच. डोकं गरगरतं माझं. त्या साली आमी एका खोलीत ऱ्हायलो पर पावण्यासारखं. विचारून बादली, विचारून दिवा. जूनला रेक्टर मॅडम इचारणार, खोली कोणाला कोणासंग पायजे, आन् मी धसकाच घेतला, ही दुसरीचं नाव घेती का काय. मला दुसरी खोली मिळाली असती हो, जागेचं काय न्हाई. पर मंग ती माझी कोण व्हती, हे मला जन्मभर कळलं नसतं. इचारलं तेव्हा मॅडमपुढं दोघीबी गप. मॅडम म्हणल्या, म्हंजी हाय तेच ना? आमी माना हलवल्या. ती मनापासनं हलवली का भिडंला, तेबी मला कळलं न्हाई.

आन् आता तिचं लग्न ठरलंय. परीक्षा झाली का लगेच. परवा ती माझ्या खाटंवर येऊन बसली, कधी न्हाई ती. म्हणली, एक मागू का? मला बहीण नाय. करवली तू हो.

करवली म्हंजी नवरीच्या मागं कऱ्हा घिऊन उभी ऱ्हाणारी, समद्या मांडवाच्या डोळ्यांपुढं. मी म्हणलं, अगं तुझ्या चुलत बहिणी हायेत की, तुमचं गाव काय म्हणंल? ती म्हणली, आत्या बोलल्याच, ही कोणाची कोण? मी सांगितलं त्यांना. मी म्हणलं, काय सांगितलं? म्हणली, मैत्रीण सांगितलं, दुसरं काय सांगणार? असं चिडून म्हणली, जसं काय मीच न्हाई म्हणत व्हते. मंग म्हणली, पप्पा तुझ्या आईला आणायला गाडी पाठवणारेत, आन् ऐक, त्या दिवशी कशाला हात लावायचा नाय. भांड्याला नाय, पाण्याला नाय. नटायचं, कऱ्हा धरायचा, नायतर खुर्चीवर बसायचं. मी म्हणलं, मी कशी बसू, आमच्यात लग्नाला जायचं म्हंजी पाणी भराया, भात रांधायला जायचं. ती म्हणली, माझ्यासाठी बस.

मला हसू येईना का रडू येईना. ही तिनं सावड फेडली का माझ्यावर नवी चढवली? चढवली असंल तर ती फेडायची कशी, माझ्या लग्नात हिला खुर्ची देऊन? आमच्या वाडीत खुर्ची तर कोणाकडं हाय. कायबी उमजत न्हाई. पर सुखी राहू दे पोरगी, जितं जाईल तितं तिला कोणतरी झोपताना जवळ असू दे.

आईला फोन करून सांगितलं. आईनं दोनदा इचारलं, नुसतं उभं ऱ्हायचं? मी म्हणलं, नुसतं. न्हाईतर बसायचं. मंग आई म्हणली, जमंल का गं आपल्याला?