हासतानाचा फोटो

मी बीबीची, लोनार तालुक्यातली, बाप गवंडी होता, आन लगन होऊन मलकापूरले आली ते इथंच हाय, साड्यायले फॉल-पिको करून देते. पिंकीचे बाबा जिनिंगमधी हमाल होते, कापसाच्या गठानी उचलत. एकदा गठानीची लोखंडी पट्टी तुटून तोंडावर बसली, समोरचे दोन दात गेले, तवापासून मानूस हासलाच नाई असं समजा. म्हंजे हासत, पन व्हटं मिटून, नाईतं गमछा तोंडावर घेऊन. संगचे हमाल बोळक्या म्हनत ना त्यायले.

काय सांगू तुमाले, पोट्टी दहावी पास झाली आन हटूनच बसली का मले नागपूरजवळचा तो पान्याचा पार्क पाहाचा हाय. हे म्हनले नेतो. माह्या भिशीचे पैसे होते. आता आमच्याकडे रीत अशी का कोनी फिराले निंगालं का मानसं हातावर पैसे ठेवतात, माह्या जेठानं ठेवले, ननंदेनं ठेवले, शेजारच्या शबानाभाभीनं ठेवले, आन ज्यायनं ठेवले त्यायच्यासाठी येताना काही ना काही आना लागते, नाईतं तोंड कसं दाखवाचं?

तिथं गेटवरच आमची पोई-चटनीची पिशवी ठेवून घेतली, बाहेरचं आत चालत नाई म्हने. पान्यात उतराचे कपडे भाड्यानं, सामानाचं कपाट भाड्यानं, समोशाचं तं विचारूच नोका. भिशी अशी गेली का समजलं नाई.

मंग ते बसाची नाव, उंचावरून धाडकन पान्यात पडते ते, तिच्यात बसलो तिघं. उतरलो तं समोर दुकान, टीव्हीवर सगयायचे फोटो, नाव पडताना मशीन काढते म्हने. पिंकी वरडली, आई, बाबाले पाह्य! आन खरंच, मधात हे, तोंड सताड उघडं, असे हासून राह्यले का काय सांगू. हे पाहातच राह्यले. म्हने, हा मीच व्हय काय वं?

मी म्हनलं घ्या, घेऊनच टाका. तीनशेले होता. यायनं खिसा चाचपला, म्हनले, लोकायचे पैसे हातावर घेतले आपन, रिकाम्या हातानं जाशीन काय? आन मी हाओच ना घरी, मले पाह्यत जाय. त्याच दुकानातून कीचेनी घेतल्या, कोनाले मासोई, कोनाले बदक.

त्याच हिवाळ्यात गठानीची थप्पी यायच्या आंगावर आली. दवाखान्यापर्यंत पोचलेच नाईत.

तेरवीले फोटो ठेवा लागते. सापडला तो आधार कार्डाचा, तोच मोठा करून आनला, व्हटं आवयेल, पोलिसानं धरून नेल्यासारखा. माह्या भावानं पार्कवाल्याले फोन लावला, म्हनलं पाहिजे तितके पैसे घ्या, तं तो म्हने भाऊ, रोज संध्याकाळी पुसून टाकतो आमी. त्याचंही बरोबर हाय, कितीकायचे ठेवन तो? पन त्या दिवशी मी जेवढी रडली ना, मानूस गेला तवा नसन रडली. जेठाच्या चाब्यायले ते बदक अजून हाय, दिसलं का मी तोंड फिरवून घेते. त्यायचा काय दोष? कोनाचाच नाई.

आता पिंकी कालेजात हाय, उद्या तिची सहल चालली तसल्याच एका पार्कात. जेठ आले हातावर पैसे ठेवाले, मी हात जोडले, म्हनलं भाऊजी, नोका ठेवू. नाराज होऊन गेले, जाऊ द्या. पोट्टीले म्हनलं, माय, कोनासाठी काही आनू नोको, माह्यासाठी बी नोको. मोठ्यानं हासजो, आन तुहा फोटो तेवढा घेजो, कितीले का असंना.