न वाचलेली यादी

तनया: बोल ना, केयूर! गप्प का झालास? आवाज आला की मला नेम धरता येतो.

केयूर: तांब्या खाली ठेव, प्लीज. आधीच पेला लागून कपाळातून रक्त येतंय माझ्या.

श्यामला: येऊ दे. बायकोला दिसत नाही म्हणून थोडक्यात वाचलास. मी असते तर पोटच्या पोराचेही दात पाडले असते. हा रुमाल दाब आणि सांग, काय केलंस तिच्या लॅपटॉपचं?

केयूर: अगं आई, त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे. काल त्यावर वेगळा डेस्कटॉप, म्हणजे पडद्याचं सगळं रूपच, नवं टाकलं. जुना फारच कळकट होता. हा एकदम क्लासी. दिसायला इतका छान...

तनया: कुणाला दिसायला?

श्यामला: उत्तर दे तिला.

केयूर: सरप्राइज द्यायचं होतं. पण त्याची लॉगिन स्क्रीन बोलेचना. मग घाबरून नवा काढला, तर जुनाही गेला. आता नुसता काळा पडदा आणि अक्षरं.

तनया: आई, स्क्रीनवरचं सगळं मला वाचून दाखवायचा तो आवाजच गेलाय. अकराला नोकरीची शेवटची टेस्ट आहे. चार महिने रखडत इथवर आले मी. आणि हा गाढव...

(तांब्या भिंतीवर आदळतो.)

श्यामला: भिंतीने काय केलंय? मारायचं तर त्याला मार.

केयूर: आई! हे बघ तनया, माझ्या लॅपटॉपवर बस. त्यात तुझा तो आवाज नाही, पण मी प्रश्न वाचतो, तू उत्तरं सांग.

तनया: कॅमेरा चालू असतो. दुसऱ्याचा आवाज आला की बाद.

श्यामला: पुढची तारीख माग की.

तनया: आत्ताच फोन केला. नाही म्हणाले.

केयूर: दोन तासांत सगळं परत टाकतो. शप्पथ.

तनया: साडेदहा झालेत! ये इकडे. ये म्हणते ना! काढताना मशीननं विचारलं असेल तुला. काय काय जाणार त्याची यादी दाखवली असेल.

केयूर: दाखवली. लांबलचक होती. मी 'वाय', म्हणजे 'हो', दाबलं. कॉलर सोड, गळा आवळतोय.

तनया: न वाचता दाबलंस?

केयूर: ती कुणीच वाचत नाही गं. ऑफिसातही नाही.

तनया: मशीनमध्ये अजून असेल ती. काढ. आणि मोठ्यानं वाच.

केयूर: आता वाचून काय...

तनया: वाच!

केयूर: लॉगिन मॅनेजर. सेटिंग्ज. कॅल्क्युलेटर. फोटो व्ह्यूअर. स्क्रीन...

श्यामला: काय रे? अडलास का?

केयूर: स्क्रीन रीडर. तुझा तो आवाज.

तनया: थांबू नकोस. पुढचं वाच.